आभाळ अचूक हवं, जमीन अंदाजपंचे!

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला महाराष्ट्रातला प्रत्येक सुजाण नागरिक खिडकीशी येतो, कपाळावर आडवा हात धरून आभाळ न्याहाळतो आणि निकाल देतो. ढग जमलेले असतील तर निकाल असा, की 'यांनी काही सांगितलंच नव्हतं'. ढग नसतील तर असा, की 'यांनी तर काय काय सांगितलं होतं!' दोन्ही खटल्यांत आरोपी एकच असतो, हवामान खातं. साक्षीपुरावे घेतले जात नाहीत आणि अपिलाची सोय नाही.

हे खातं 1875 साली स्थापन झालं, म्हणजे शिव्या खाण्याचा त्याचा अनुभव दीडशे वर्षांचा आहे. 1928 साली त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. शेजाऱ्याची चूक चारचौघांत दाखवून देणं हा जिथे नागरी हक्क मानला जातो, त्या शहरात येऊन 'उद्या पाऊस पडेल' असं जाहीरपणे सांगायचं, याला शास्त्रापेक्षा धैर्य जास्त लागतं.

मॉन्सूनबद्दल आपण खात्याला थोडं तरी सांभाळून घेतो. मॉन्सून हा मोठा पाहुणा, चार दिवस मागेपुढे व्हायचंच. वळवाच्या पावसाला मात्र माफी नाही. तो कुठे पडेल, किती वाजता पडेल आणि मुख्य म्हणजे आमच्या गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर पडेल की शेजारच्यांच्या, हे आम्हाला आदल्या रात्रीच्या बातम्यांत हवं असतं. खातं सांगतं, 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस.' आता खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या केंद्रांपैकी फार तर पाव. चारांतल्या तिघांनी कोरडंच राहायचं, हे त्या वाक्यात आधीच मान्य केलेलं आहे. पण तिघंही तक्रार करतात आणि ज्याच्याकडे पडला तोही करतो, कारण त्याला वाटलेलं असतं की 'तुरळक' म्हणजे शेजारचा तालुका.

थोडं शास्त्र पाहू, म्हणजे शिव्या तरी माहितीपूर्ण होतील. मार्च ते मे जमीन तापते. एकीकडून अरबी समुद्राचं बाष्प, दुसरीकडून बंगालच्या उपसागराचं. विदर्भ-मराठवाड्यापासून खाली कर्नाटकाकडे हवेच्या कमी दाबाची द्रोणिका पसरते आणि त्या रेषेवर दोन्हीकडचे वारे एकमेकांना भिडतात. जमिनीलगतची गरम, दमट हवा वर सुटली की बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो, एव्हरेस्टपेक्षा उंच. त्यातली पावसाची एक 'पेशी' जन्मते, गर्जते, कोसळते आणि तासाभरात संपूनही जाते. तिचा पसारा पाच-दहा किलोमीटरचा. गॅसवर ठेवलेली आमटी उकळणार, हे कोणीही सांगेल. पहिला बुडबुडा पातेल्यात नेमका कुठे फुटेल, ते सांगा बघू. खात्याकडे आपण रोज तो बुडबुडा मागतो, पत्ता आणि पिनकोडसह.

तरी खातं हातावर हात ठेवून बसलेलं नाही. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच वाजताच्या नोंदीसाठी हवेत फुगे सुटतात आणि वरच्या थरांतलं तापमान, आर्द्रता, वारा यांची खबर आणतात. डॉपलर रडार ढगाच्या पोटातले थेंब आणि गारा पाहतं. त्यावरून पुढच्या तीन तासांचा 'नाऊकास्ट' निघतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं फुकट ॲप काढलंय. तुमच्याभोवती वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याची शक्यता असेल तर अर्धा-पाऊण तास आधी ते कळवतं. थोडक्यात, विज्ञान आदल्या दिवशी जिल्हा सांगू शकतं आणि गल्लीच्या जवळपास पोचायला शेवटचा अर्धा तास घेतं. तो अर्धा तास आपण कसा वापरतो, ते पाहण्यासारखं असतं. आमच्या सोसायटीतला परवाचा संवाद ऐका.

"साहेब, ऑरेंज अलर्ट आलाय," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे काय करायचं?" चेअरमननी विचारलं.

"यलोला लक्ष ठेवायचं, ऑरेंजला तयारीत राहायचं आणि रेडला कृती करायची."

"मग तयारीत राहू या की."

"कसली तयारी?"

"ते रेड आल्यावर ठरवू. तोवर ग्रुपवर टाका."

ग्रुपवर पडलं. त्यावर नमस्काराचे अकरा हात, दोन अंगठे आणि 'हे गेल्या वर्षीचं आहे का?' असा एक प्रश्न आला. त्या वेळी गच्चीवरच्या टाकीचं झाकण मोकळं होतं आणि पार्किंगवरचा एक पत्रा दोन वर्षांपासून एकाच बोल्टवर तग धरून होता. त्यांना कोणी ग्रुपमध्ये घेतलेलं नव्हतं.

खात्याला प्रतिस्पर्धीही कमी नाहीत. पंचांग आहे. त्यात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं. बेडूक किंवा म्हैस निघाली की शेतकरी हरखतो, कोल्हा निघाला की हिरमुसतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, धान्यं पसरतात आणि रात्रीतून ती किती हलली यावरून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पिकं आणि राजाची गादी असं वर्षाचं सगळं भाकीत सांगतात. शिवाय प्रत्येक तालुक्यात मोबाइलवरचा एक स्वयंभू हवामान अभ्यासक असतोच. तो 'माझ्या शेतकरी बांधवांनो' म्हणून सुरुवात करतो आणि तारखेनिशी पाऊस सांगतो. या तिघांची एक गोष्ट मला फार आवडते. ते चुकले तर कोणी बोलत नाही आणि बरोबर आले तर ती बातमी होते. खात्याचं नेमकं उलट. वर ते रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजतं आणि त्यावर स्वतःचे अंदाज तपासतं. असा मूर्खपणा भाकितांच्या धंद्यात दुसरं कोणी करत नाही.

आता आपण स्वतः किती अचूक आहोत, तेही पाहू. वळवाचे दिवस म्हणजे लग्नाचे दिवस. मुहूर्त सहा वाजून त्रेचाळीस मिनिटांचा. चव्वेचाळीस झाली तर भटजी हळहळतात. त्या मिनिटामिनिटाच्या मुहूर्तावर जो मंडप उभा असतो, त्याची खुंटी किती फूट खोल ठोकलीय असं कंत्राटदाराला विचारा. 'ठोकलीय की बरोबर' हे उत्तर. वारा किती वेगाचा सोसेल? 'काय होत नाही, साहेब.' ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वारा येणार हे खात्यानं सकाळीच सांगितलेलं असतं. संध्याकाळी झुंबर, कमान आणि स्वागताची पाटी एकत्र वरातीला निघाली की वधूपिता आभाळाकडे बघून म्हणतो, 'हवामान खात्याचा काही भरवसा नाही.'

माझं म्हणणं एवढंच आहे. आभाळ आपल्याला मिलिमीटरमध्ये लागतं आणि जमिनीवरचं सगळं अंदाजपंचे चालतं. जे मोजणं अतिशय कठीण, त्यावर आपण दातओठ खातो. जे साध्या टेपनं मोजता येतं, त्याकडे पाहतही नाही.

13 मे 2024 ची दुपार आठवा. मुंबईवर धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. त्या होर्डिंगचं माप 120 फूट बाय 120 फूट. परवानगी जास्तीत जास्त 40 बाय 40 ला मिळते. म्हणजे क्षेत्रफळ नियमाच्या नऊपट. वादळाची वेळ मिनिटात सांगणं अवघड होतं, हे कबूल. पण हे होर्डिंग काही दुपारी चारला बाष्पापासून तयार झालेलं नव्हतं. ते महिनोन्महिने रस्त्याकडेला उभं होतं आणि रोज हजारो लोक त्याखालून जात होते. ते दिसायला डॉपलर रडार नको होतं, डोळे पुरले असते. नंतर चर्चा झाली ती कागदपत्रांची. जागा कोणाची, परवानगी कोणाची, सही कोणाची, हे सगळं दिवसचे दिवस उलगडत होतं. वाऱ्यानं एकच प्रश्न विचारला होता, पाया किती खोल आहे?

नालेसफाईचंही तेच. मुंबईत तिची मुदत 31 मे असते, कारण मॉन्सूननं मुंबईत 11 जूनच्या सुमाराला यायचं, असा आपला त्याच्याशी तोंडी करार आहे. 2025 मध्ये वळीव जाता जाताच मॉन्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत हजर झाला. नव्याकोऱ्या भुयारी मेट्रोच्या वरळीतल्या स्थानकात त्या दिवशी पाणी शिरलं. स्थानकाचं नाव आचार्य अत्रे चौक. अत्रे असते तर 'मराठा'चा अग्रलेख त्यांना शोधावा लागला नसता, जिन्यावरून वाहत आलाच असता. त्या वेळी सगळ्यांनी मॉन्सूनला दोष दिला, की हा मुदतीआधी आला. मुदत नाल्यांची होती. ढगांनी कुठेही सही केलेली नव्हती.

इशाऱ्यांचा प्रवासही असाच मजेदार असतो. खात्यानं इशारा काढला की तो मंत्रालयात जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे, मग तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील. प्रत्येक टप्प्यावर त्याच्या खाली एकच वाक्य जोडलं जातं, 'आपल्या स्तरावरून आवश्यक ती कार्यवाही करावी.' ज्या ढगाचं सगळं आयुष्य तासाभराचं, त्याच्यासाठी आपण सहा स्तर ठेवलेत. शेवटच्या स्तरावर पत्र पोचेपर्यंत ढग विरघळलेला असतो, आणि कार्यवाही म्हणून पत्राची पोच दिली जाते.

शेवटच्या स्तराच्याही खाली एक माणूस असतो, रानात कांदा काढणारा. त्याच्या मोबाइलवर इशारा येतो, 'वीज चमकत असताना झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीचा आसरा घ्या.' तो चहूकडे पाहतो. झाड एकच आहे आणि पक्की इमारत गावात, दोन-अडीच किलोमीटरवर. देशात 2022 साली वीज पडून 2,887 माणसं दगावली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. नैसर्गिक आपत्तींतल्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. यात खिडकीशी उभं राहून निकाल देणारे फारसे नसतात. शेतात, बांधावर, गुरांमागे असलेले असतात. वस्त्यांच्या मधोमध चार भिंतींचा आणि वीजरोधक बसवलेला एक निवारा बांधून द्यायला कुठल्या ढगाची हरकत आहे, हे शोधायला हवं.

वादळ सरलं की मात्र सरकारी यंत्रणा एकदम अचूक होते. तासगावचा बेदाणा शेडवर भिजलेला असतो, नाशिककडचा उन्हाळ कांदा चाळीत जायच्या आधीच पाण्यात बसलेला असतो, कोकणात उतरायला आलेला हापूस गळून पडलेला असतो. 'तातडीनं पंचनामे करा' असे आदेश सुटतात. नियम असा, की पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. 32 टक्के गेलं असेल तर ते गेलंच नाही. नऊपट मोठं होर्डिंग ज्या व्यवस्थेच्या डोळ्यांत मावलं नाही, तिला गारांनी सडकलेल्या बागेतला तो एक टक्का बरोबर दिसतो. हवामान खात्यानं या लोकांकडे प्रशिक्षणाला जायला हरकत नाही.

तेव्हा वाचकहो, खात्यावर बोलायची हौस पुरवून घ्या, पण थोडं कामही करा. दामिनी मोबाइलवर घ्या, आणि शेतावर राबणाऱ्या माणसाच्या फोनवरही घालून द्या. वीज चमकल्यावर आकडे मोजा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. तीस म्हणायच्या आत गडगडाट झाला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. उघड्यावर सापडलातच तर झाडापासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. आणि गच्चीवरचा सुटा पत्रा, रस्त्यावर झुकलेली फांदी, चौकातलं वाढत चाललेलं होर्डिंग यांच्यासाठी कुठल्याही अंदाजाची वाट पाहू नका. पत्रा आजच बांधा, आणि उरलेल्या दोघांची तक्रार लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.