नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी

माझी मुलगी सहावीत आहे आणि तिची राजकीय जाण माझ्यावर गेली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उद्या तिच्या मामाकडचे लोक श्रेय घ्यायला येणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत शाळेने प्रकल्प दिला होता: 'आपला परिसर, आपला कारभार'. बाकीच्या पोरांनी मंडई आणि नाटकं आटोपून शेवटच्या रात्री वहीत अशोकस्तंभ चिकटवला. आमच्या पोरीने अख्खी वही भरली. मी तिचं एकेक पान स्टेटसला ठेवत गेलो आणि खाली लिहीत गेलो, 'बाप म्हणून अभिमान!'

पहिलं पान 1954 चं. त्या वर्षी भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि आपण त्यांना पाडलं. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. खाली तिची टीप: 'ज्यांना निवडून दिलं त्यांचा फोटो आमच्या वर्गात नाही. ज्यांना पाडलं त्यांचा आहे.' बापा! सहावीतली पोरगी! मी ते पान तडक पक्षाच्या गटात टाकलं. तेव्हा आम्ही ज्या पक्षात होतो त्याला ते फार आवडलं. आता ज्यात आहोत त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

या जाण्या-येण्याबद्दल लोक आम्हाला उगाच नावं ठेवतात. नाना पटोले 2014 मध्ये भाजपकडून प्रफुल्ल पटेलांना हरवून दिल्लीला गेले, 2017 च्या डिसेंबरात खासदारकी सोडली आणि पुन्हा काँग्रेसमध्ये आले. माझा प्रवास तर पवनी तालुक्याच्या हद्दीबाहेरही जात नाही.

पटोलेंच्या राजीनाम्यामुळे लागलेली पोटनिवडणूक पुढच्या पानावर होती. त्यासाठी तिने आजीची मुलाखत घेतली. 28 मे 2018, भर उन्हाळा, व्हीव्हीपॅट यंत्रं बंद पडली, उन्हाने बिघडली असं सांगण्यात आलं आणि 30 मे ला 49 केंद्रांवर पुन्हा मतदान झालं. टीप: 'मतदानाच्या यंत्राला ऊन लागतं. रोजगार हमीवरच्या बायांना लागत नाही.' यावर आमच्या तालुक्याच्या नेत्याने हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली.

मग गोसेखुर्द धरण. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, तेव्हाचा अंदाज 372 कोटी, आता आकडा पंचवीस हजार कोटींच्या पलीकडे. पोरीने भागाकार करून उत्तर काढलं, जवळपास सत्तर पट, आणि बाकी उरते तिच्यापुढे लिहिलं, 'कालवे'. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून वैनगंगेत येतं तेही लिहिलं आणि निळ्या स्केचपेनने सुरू केलेली नदी मध्येच काळी केली. मला भरून आलं. कालव्याच्या मातीकामात आमच्याही दोन टिप्परांचा खारीचा वाटा आहे, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

मुलांनी असं निर्भीड असावं, या मताचा मी पहिल्यापासून आहे. 2023 च्या प्रजासत्ताक दिनाला जालना जिल्ह्यातल्या एका पहिलीतल्या पोराने लोकशाहीवर भाषण केलं होतं. लोकशाहीत मस्ती करता येते, पण खोड्या केल्या की आमचे सर लोकशाही पायदळी तुडवतात, असा त्याचा सूर होता. अख्ख्या महाराष्ट्राने ते फिरवलं. मीही चाळीसेक जणांना पाठवलं. ते सर आमच्या ओळखीचे नव्हते. आणि 2024 मध्ये शाळेतून पालकांसाठी मतदानाचं संकल्पपत्र घरी आलं, तेव्हा आमच्या घरून ते पहिल्याच दिवशी परत गेलं. माझी सही मी केली. हिचीही मीच केली.

हिची म्हणजे सरपंचांची. आमच्या मंडळी गावच्या सरपंच आहेत, हे सांगायचं राहिलंच. राज्यात 2011 पासून पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना आहेत, आमचं गाव त्या निम्म्यात निघालं आणि घरात एक महिला होतीच. गावाच्या वेशीवर बॅनर आहे. त्यावर हिचा फोटो पासपोर्टचा, माझा गॉगलमधला, कमरेपर्यंत.

तर प्रकल्पात 'सरपंचांची मुलाखत घ्या' असं एक कलम होतं. घरचीच सरपंच, म्हणून मी निर्धास्त होतो. ते पान मी न वाचताच स्टेटसला ठेवलं, दिवसभर ठेवलं, आणि संध्याकाळी पानठेल्यावर लोक मला पाहून खर्रा घोटायचा थांबले तेव्हा वाचलं.

'मी सरपंचांना पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरं बाबांनी दिली. सरपंच तेव्हा चहा करत होत्या.'

यात खोटं काही नाही. पण सत्याला काही घरंदाजपणा असतो की नाही? पुढे वाचा. 'ग्रामपंचायतीचे पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीने निघतात. सरपंचांची सही डोंगलमध्ये असते. डोंगल बाबांच्या शर्टाच्या खिशात असते. शर्ट धुवायला टाकताना सरपंच खिसा तपासतात आणि डोंगल बाबांना परत देतात.'

आणखी पुढे. 'ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, असं पुस्तकात आहे. आमच्या गावात ती झाली. नोंदवहीत बासष्ट महिला होत्या. मी समाजमंदिरात गेले तेव्हा मी होते आणि एक कुत्रं होतं. आजीचा अंगठा वहीत होता, आजी रोवणीला होती.'

याला मी राजकीय जाण म्हणणार नाही. हा फाजीलपणा आहे. धरणाबद्दल बोल, दिल्लीबद्दल बोल, यंत्रांबद्दल बोल, अमेरिकेच्या ट्रम्पबद्दल बोल, कोण नाही म्हणतो? लोकशाही ही दुरून बघायची गोष्ट आहे, खिशात हात घालायची नव्हे.

त्यातून तिने वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलं होतं. सरपंचपती, प्रधानपती या मंडळींचा अभ्यास करायला केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने समिती नेमली होती. त्या समितीने 2025 मध्ये शिफारस केली की बायकोच्या खुर्चीवरून कारभार करणाऱ्याला जरब बसेल असा दंड करावा. त्याच मंत्रालयाने नीना गुप्ताला घेऊन 'असली प्रधान कौन?' नावाची फिल्मही काढली. ती आमच्या हिने मोबाइलवर दोनदा पाहिली होती. मी समजत होतो, नीना गुप्ताची साडी पाहते आहे.

मी शाळेत गेलो. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मीच, तेव्हा बोलावणं लागत नाही, आपोआप जाता येतं. मॅडमना म्हटलं, एवढं पान काढून टाकू, वही सुटसुटीत होईल. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, ते पान तर तुमच्याच स्टेटसला पाहिलं आम्ही. गटविकास अधिकारी साहेबांनीही पाहिलं म्हणे. वही तालुक्याच्या प्रदर्शनाला निवडली आहे. अभिनंदन!" मी 'बाप म्हणून अभिमान' लिहिलेलं होतं, त्यामुळे हार घेऊन आलो.

घरी येऊन पोरीला समजावलं. "अवो बाई, सरपंचांची उत्तरं पुन्हा घे आणि नीट लिही." ती म्हणाली, "मॅडमनी पण तेच सांगितलं, बाबा. पण उत्तरं सरपंचांच्या अक्षरात पाहिजेत." प्रदर्शनाच्या आदल्या रात्री वही घेऊन ही बसली. मी दोन वेळा चहा मागितला. "अजी, पातेलं तिथंच आहे," एवढंच उत्तर आलं. मग मला म्हणाली, डोंगल द्या. मी विचारलं, काहून? म्हणाली, प्रदर्शनात मांडायचं आहे, 'कारभाराची साधनं' या तक्त्यावर. लेकीच्या शिक्षणाच्या आड येणारा बाप मी नाही. दिलं. ते तक्त्यावर गेलं नाही, हिच्या पाकिटात गेलं, आणि प्रदर्शन होऊन आठवडा झाला तरी तिथेच आहे.

वहीला तालुक्यात पहिला नंबर मिळाला. बक्षीस घ्यायला सरपंच स्वतः स्टेजवर गेल्या, मी गाडी लावायला जागा शोधत होतो. नंतर मी त्यांनी लिहिलेली उत्तरं वाचली. अक्षर चांगलं आहे हिचं, लग्नानंतर पाहायचा प्रसंग आला नव्हता. पाणीपुरवठ्याचं उत्तर बरोबर, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या गाळाचं बरोबर, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचं तर माझ्यापेक्षा बरोबर. पाचवा प्रश्न होता, 'आपल्या कामात कोणती अडचण येते?' तिथे काही लिहिलेलं नव्हतं. बॅनरवरून कापलेला माझा फोटो चिकटवला होता, गॉगलसकट. फोटो मात्र फर्स्ट क्लास आला आहे. स्टेटसला ठेवला.