सायकलला इंजिन की इंजिनाला सायकल?

(सोसायटीचं पार्किंग. हौशी उलट्या सायकलपाशी बसलाय. शेजारी फवारणी पंपाचं इंजिन, पाने, नटबोल्टांची वाटी. हिशेबी काका पिशवी घेऊन निघालेत.)

हौशी : काका, थांबा की! फवारणीचा पंप भंगारात मिळाला. टू-स्ट्रोक, २६ सीसी, एक हॉर्सपॉवर. कॅरिअरच्या जागी इंजिन, मागच्या चाकाला जादा चक्र, हँडलला अ‍ॅक्सिलरेटर. रविवारपर्यंत गाडी रस्त्यावर!

हिशेबी : येईल की रस्त्यावर, तुझ्यासकट. अरे, इंजिन बसवणं हा यातला सोपा भाग. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतं आणि ताशी ३० किलोमीटरला तुझं चाक जेमतेम सव्वादोनशे. म्हणजे सव्वीस-सत्तावीसपट वेग उतरवायचा. चक्रं आणि चेन लावून तेही जमेल. प्रश्न त्यापुढचा आहे. साधा माणूस सलग पेडल मारतो तेव्हा शंभरेक वॉट निघतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे जवळपास साडेसातशे. सात माणसं एका सायकलवर बसवतोयस तू. वेग १५ वरून ४० वर गेला की अंगातली गतिज ऊर्जाही सातपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि ती जिरवायला तुझ्याकडे काय आहे? दांड्याच्या ब्रेकची चार रबरं. पावसात स्टीलच्या ओल्या रिमवर ती नुसती पॉलिश करतात.

हौशी : तुमचं सगळं भीतीचं गणित! होंडासाहेबांनी असा हिशेब केला असता तर आज होंडा कंपनी असती का? त्यांनीही सायकललाच इंजिन लावलं होतं.

हिशेबी : लावलं होतं ना. १९४६ साली, हमामात्सुमध्ये. लष्कराच्या वायरलेस सेटला वीज पुरवणारी छोटी इंजिनं युद्धानंतर पडून होती, ती त्यांनी सायकलींना बसवली. पहिल्या गाडीला पेट्रोलची टाकी म्हणून शेकायची पिशवी होती म्हणतात. तुला गोष्ट इथपर्यंतच आवडते. पुढचीही ऐक. १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचं इंजिन केलं आणि १९४९ मध्ये ड्रीम आणली, तेव्हा सांगाडाही मोटरसायकलचाच होता. युद्धानंतरच्या टंचाईत सायकलला इंजिन हा निभावून नेण्याचा उपाय होता. इंजिन ताकदवान होत गेलं तशी त्याला सायकल पुरेना. तू मात्र पहिल्याच पायरीवर मुक्काम ठोकायला निघालायस.

हौशी : मग लोक सायकलला बॅटरीचं किट बसवतात, ते कसं चालतं?

हिशेबी : तो तर माझाच साक्षीदार. आपल्याकडे विजेच्या दुचाकीला नोंदणीतून सूट मिळते ती २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत. म्हणजे अडीच माणसांची ताकद आणि दमदार माणसाचा वेग. सायकलची हाडं तेवढं पेलतात. पेट्रोललाही अशीच रेघ आहे : १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर ती वस्तू मोटार वाहन धरत नाहीत. तुझ्या पंपावर काय छापलंय?

हौशी : (पुसून बघत) सव्वीस. काका, एका सीसीसाठी?

हिशेबी : त्या एका सीसीपायी नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट. आणि मान्यता नसलेल्या घरगुती गाडीची नोंदणी करणार कोण?

हौशी : बरं, कायदा बाजूला ठेवा. ब्रेक सुधारले तर? ड्रम ब्रेक घालतो.

हिशेबी : घाल. ड्रमला वेगळं हब लागेल. हब बदललं की स्पोक जाड हवेत. तसेही मागच्या स्पोकांवर चक्र आवळलंस तर रोज एक तुटेल. जाड स्पोकांना रिम नवी, रिमला टायर रुंद. रुंद टायर या चिमट्यात बसत नाही, म्हणून चिमटा बदल. बदलतोच आहेस तर स्प्रिंगवाला घे, कारण ४० च्या वेगाने खड्डा लागला की दणका थेट मणक्यात. उरला सांगाडा. त्याला इंजिनासाठी पट्ट्या वेल्ड करशील, तर जोडाशेजारची पातळ नळी तापून कमजोर होते आणि रोजच्या थरथरीने तिथेच चीर जाते. म्हणजे सांगाडाही जाड नळीचा. ड्रम ब्रेक, जाड टायर, पुढे स्प्रिंग, ५० सीसीचं इंजिन आणि वर पेडल : पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये हीच यादी पुरी केली. तिला लूना म्हणतात.

हौशी : पण हाताने केल्याचा आनंद काही आहे की नाही?

हिशेबी : आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. इंजिन खोल, कार्ब्युरेटर धू, लिटरला चाळीस मिली ऑइल घालून स्टँडवर फटफट वाजव. शिकण्यासारखं सगळं स्टँडवरच आहे. रस्त्यावर शिकायला मिळतं ते थांबणं, आणि त्या धड्याची फी दुसऱ्याचं पोर भरतं.

हौशी : (यादीवर बोट फिरवत) हब गेलं, स्पोक गेले, रिम, टायर, चिमटा, सांगाडा... मग माझ्या सायकलचं उरलं काय?

हिशेबी : घंटी. पण त्या फटफटीत ती कुणाला ऐकू यायची नाही. हॉर्नही लिहून ठेव.