चौकशीकर

आमच्या सोसायटीच्या बी विंगमधल्या ह्या गृहस्थांचं खरं आडनाव वेगळं आहे. चौकशीकर हे पद आहे, आणि ते त्यांनी कष्टाने मिळवलेलं आहे. मार्चअखेर पुण्याच्या चौकाचौकात ‘उन्हाळी क्रीडा शिबिर, प्रवेश मर्यादित’ असे फलक लागायला लागले, की बाकीचे लोक सिग्नल हिरवा होण्याची वाट बघतात. चौकशीकर तो लाल राहावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात. फलकावरचा फोन नंबर उतरवून घ्यायचा असतो ना.

निमित्त त्यांची लेक. गेल्या वर्षी वय तेरा, आठवीची परीक्षा नुकतीच दिलेली. शाळेतून आल्यावर दप्तर सोडायचं, पलंगावर आडवं व्हायचं आणि मोबाइल छातीवर उभा करायचा, एवढाच व्यायाम. तेव्हा चौकशीकरांनी ठरवलं, हिला मैदानावर न्यायचं. आणि खेळ सांघिकच हवा. पोहणं, स्केटिंग त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं : “एकटीनेच खेळायचं तर मोबाइल काय वाईट आहे?”

मग फोन सुरू झाले. “शिबिराबद्दल थोडी चौकशी होती,” ह्या वाक्यातली ‘थोडी’ साधारण वीस मिनिटांची असते. मैदान मातीचं की कृत्रिम गवताचं? दुपारी साडेचारला सावली कुठल्या बाजूला पडते? टी-शर्ट फीमध्ये धरलाय का? राजगिऱ्याचा लाडू रोज, की फक्त समारोपाला? दहावीचे क्रीडा गुण इथूनच मोजले जातील का? (शिबिर पंधरा दिवसांचं होतं.) एका प्रशिक्षकाने शेवटी हात टेकले. “साहेब, मुलगी खेळायला येणार आहे, की तुम्ही राहायला?” चौकशीकरांनी ह्याचीही नोंद केली. त्यांच्या मोबाइलमध्ये तक्ता आहे, त्यात ‘स्वभाव’ असा एक रकाना आहे.

त्यांना सगळे हसतात, मीही हसतो. पण खरं सांगायचं तर ह्यात त्यांचा दोष कमी आहे. आपल्याकडे ‘नवशिक्या’ म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर. तेराव्या वर्षी मूल एक तर चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धेच्या संघात असतं, नाही तर प्रेक्षकांत. मधली जागा कुणी ठेवलेलीच नाही. फुटबॉलच्या ठिकाणी पहिला प्रश्न आला, “किती वर्षं खेळतेय?” चौकशीकर म्हणाले, “आजपासून.” फोन कट. बास्केटबॉलवाल्यांनी आनंदाने घेतलं, पण नवशिक्यांच्या तुकडीत. तिथे पाच फूट तीन इंचांची ही पोरगी कमरेएवढ्या पिल्लांमध्ये उभी राहिली. पाच मिनिटांत एका चिमुरड्याने तिच्यापुढे पाय धरला, “ताई, लेस बांध ना.” दुसऱ्याच्या आईने विचारलं, “तुम्ही इथे असिस्टंट का?” लेकीने चार लेस बांधल्या, एका नाकाला रुमाल लावला आणि घरी येऊन जाहीर केलं की आपण संन्यास घेतला.

क्रिकेटच्या बाबतीत चौकशीकरांचा स्वतःचाच धीर सुटला. सचिन आचरेकर सरांकडे शिवाजी पार्कवर गेला तो अकराव्या वर्षी. “म्हणजे आपण दोन वर्षं लेट!” असं ते रात्री साडेअकराला मला जिन्यात सांगत होते. सरांसमोर सचिनची पहिली चाचणी काही जमली नव्हती. मग त्याच्या मोठ्या भावाने, अजितने, सरांना जरा लांब, झाडामागे उभं राहून बघायला सांगितलं, आणि पोरगं सुटलं, असं सांगतात. ही गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. चौकशीकरांनी त्यातलं फक्त झाड लक्षात ठेवलं.

शेवटी वहिनींनीच प्रश्न सोडवला. भाजी आणायला गेल्या होत्या पेठेत, येताना खो-खोच्या मंडळात नाव घालून आल्या. चौकशी शून्य. चौकशीकर हादरले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन थडकले. सर बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी, पायात चप्पल.

“सर, तेराव्या वर्षी उशीर नाही ना होत?”

“पळता येतं?”

“कल्पना नाही. रिक्षा गाठताना बघितलंय.”

“पुरे. पण पहिले आठ दिवस नुसतं बसणं आणि उठणं. चालेल?”

“बसण्याचा तिला चांगला अनुभव आहे.”

त्या रात्री चौकशीकरांचा चेहरा बघण्यासारखा होता. बसण्यापासून सुरू होणारा खेळ जगात असतो, आणि त्याचे नियम आपल्याच पुण्यात बांधले गेले, हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता ते मला सांगायला लागले. आठ जण आपापल्या चौकोनात बसतात, शेजारी-शेजारी विरुद्ध तोंडं करून. नववा पळतो. त्याने एकदा दिशा धरली की माघारी वळायचं नाही. समोरच्या संघाचे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे! तोवर माझं दूध उतू गेलं होतं.

लेकीने एकच अट घातली : “बाबा, तुम्ही मैदानावर यायचं नाही.” बाबांनी मान्य केली. पाचव्या दिवशी मला म्हणाले, “चला, जरा पेठेत काम आहे.” काम म्हणजे मैदानाच्या कुंपणाबाहेरचा गुलमोहर. वाकून, पावलांचा आवाज न करता आम्ही त्याच्या बुंध्यामागे पोचलो. तिथे आधीच दोन गृहस्थ दाटीवाटीने उभे होते. एकाच्या हातात चण्याची पुडी होती. त्याने मागे वळूनसुद्धा न बघता थोडी जागा केली, पुडी पुढे धरली आणि हलक्या आवाजात विचारलं,

“या. तुमची कितव्या चौकोनात?”