एसटीचं कौतुक पुरे, पाण्याचं बोला

गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. काय साधा माणूस, एसटीनं फिरायचा! ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा जो तो हेच सांगत होता, आजही सांगतो. ते खरंच आहे. पण हे कौतुक आता पुरे. साधेपणाला हार घातला की त्यांच्या मागण्यांना उत्तर द्यावं लागत नाही, आणि त्या मागण्या सत्ताधाऱ्यांइतक्याच विरोधकांनाही जड जाणाऱ्या आहेत.

१९६२ मध्ये ते सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेत गेले. अकरा वेळा आमदार झाले, अकराही वेळा शेतकरी कामगार पक्षाचे. १९७२ आणि १९९५ मध्ये हरले, दुसऱ्यांदा तर दोनशेच्या आतल्या मतांनी. १९७८ आणि १९९९ च्या सरकारांत मंत्री होते. बाकीची बहुतेक वर्षं विरोधी बाकावर गेली. पक्ष आक्रसत गेला, तरी ते जागचे हलले नाहीत. ‘सत्तेत असल्याशिवाय मतदारसंघाची कामं होत नाहीत’ असं सांगून पक्ष बदलणाऱ्या प्रत्येकानं ही कारकीर्द नीट वाचावी.

सत्तेबाहेर राहून त्यांनी केलं काय? पाणी मागितलं. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका, माण नदी नावापुरती. कृष्णा वाहते पार पश्चिमेला, आणि मध्ये चढ. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णा अडवायची, पंपांनी टप्प्याटप्प्यानं पाणी उचलायचं आणि खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं, हे तेव्हा अनेकांना वेड वाटत होतं. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. त्या मांडवात आणि विधानसभेतही गणपतरावांनी हा विषय सोडला नाही. सरकारं बदलली, पाटबंधारे मंत्री बदलले, प्रश्न विचारणारा तोच राहिला.

त्या चळवळीची मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. प्रत्येक कुटुंबाला वाटा. पाणी आलं म्हणून फ्लेक्स लावायला सगळे पुढे, वाटपाचं नाव काढलं की सगळे मागे. कारण कालव्यावर जाऊन बघा. आवर्तन सुटतं, वरच्या अंगाचा ऊस रात्रभर पितो आणि कालव्याच्या शेवटी, टेलला असलेल्या डाळिंबवाल्याची चारी कोरडी राहते. त्याला टँकर विकत घ्यावा लागतो. वीजबिल थकून पंप थांबले की पहिली बाग त्याचीच वाळते. उसाला हात लावायची हिंमत कुठल्या पक्षात आहे?

आमदार निधीतून टेंभूसारखी योजना होत नाही. वर्षाच्या ५ कोटींत पेव्हर ब्लॉक बसतात, हायमास्ट उभे राहतात, सभामंडप होतो, त्यावर नाव घालता येतं. पाणी, रोजगार हमी, शेतमालाचा भाव यांचे निर्णय सभागृहात होतात, आणि त्यासाठी तिथे बसावं लागतं, अर्थसंकल्पाची पुस्तकं चाळावी लागतात. गणपतराव बसायचे. सभागृहाबाहेरही हीच चिकाटी: मतदारसंघात सूतगिरणी काढली ती तर कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात, आणि ती चालवून दाखवली.

जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या हॉटेलातून सांगोल्याच्या आमदारांनी केलेला एक फोन व्हायरल झाला आणि झाडी, डोंगार, हाटील हीच सांगोल्याची ओळख झाली. मला याची चीड येते, आणि ती त्या आमदारांपेक्षा आपल्यावर जास्त येते. आपण ते संभाषण तोंडपाठ केलं, त्याची गाणी केली. टेंभूच्या टप्प्यांची माहिती सांगोल्याबाहेर कुणी मागितली?

गणपतरावांची पाच दशकांची भाषणं विधिमंडळाच्या कार्यवाहीत आहेत. पाण्यावरची तेवढी वेगळी काढून २८८ आमदारांच्या हातात द्या. २०२४ मध्ये सांगोल्यानं त्यांच्या नातवाला, बाबासाहेब देशमुखांना, त्याच पक्षाकडून निवडून दिलं आहे. त्यांच्यापासूनच सुरुवात करू आणि मग कृष्णा खोऱ्यातल्या प्रत्येक आमदाराला विचारू: पाणी टेलपर्यंत कोणत्या नियमानं वाटणार, आणि त्यासाठी उसाचं किती पाणी तोडणार?