बिनतारी तारांबळ

आमच्या घरात नेट गेलं नाही असा दिवस उगवत नाही. बऱ्याच वेळा ते गेलेलंच नसतं, हा भाग वेगळा. सासूबाईंची मालिका मध्येच गोल गोल फिरायला लागली की नेट गेलं. निकालाच्या दिवशी मुलाच्या कॉलेजच्या संकेतस्थळाने मान टाकली तरी नेटच गेलं. एवढंच काय, लाइट गेले तरी पहिली हाक ‘नेट गेलं गं!’ अशीच येते. पंखा थांबून घाम फुटला की मग ‘अगबाई, लाइटच गेलेत’ हा शोध लागतो. रोग पाच-सहा, नाव एक.

इलाजही एकच. नवरा उठतो, राउटरचं बटण बंद करतो, दहा आकडे मोजतो, चालू करतो आणि हात झटकत जागेवर येऊन बसतो. मिक्सर, गीझर, सेट-टॉप बॉक्स, सोसायटीची लिफ्ट, सगळ्यांवर त्याचा हाच इलाज. मला राग याचा येतो की तो लागू पडतो. निदान नाही, तपासणी नाही, आणि रोगी उठून चालायला लागतो.

माझा पंथ वेगळा. जुन्या लॅपटॉपवर विंडोज रांगायला लागलं तेव्हा मी त्यावर लिनक्स टाकलं. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायचा तो छोटा पंखा तिथेही असतो. नेट अडलं की त्या पंख्यावर प्रश्नचिन्ह येतं. प्रश्न मला पडलेला असताना यंत्रानेच मला प्रश्न करावा, हे काही पटेना. म्हणून मी काळी खिडकी उघडायला लागले. टर्मिनल. तिथे चित्रं नसतात, गोल गोल फिरणं नसतं. विचारलं तेवढं सांगते, पण खरं सांगते.

लिनक्सवर जोडण्यांचा कारभार बहुतेक ठिकाणी नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्रॅम पाहतो. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये तो सुरू केला. त्याच्याशी टर्मिनलमधून बोलायचं तर ‘एनएमसीएलआय’ ही आज्ञा. टाइप अर्थात रोमनमध्येच करायची. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ म्हटलं की यंत्रात नेट घेऊ शकणारे जितके भाग आहेत त्यांची यादी येते आणि प्रत्येकापुढे त्याची अवस्था. पूर्ण शब्द लिहायचा कंटाळा असेल तर नुसतं ‘डी’ चालतं. कंटाळ्याची एवढी कदर करणारा दुसरा कारभारी मी पाहिलेला नाही.

त्या भागांची नावं मात्र ऐकण्यासारखी. पूर्वी वायफायला ‘डब्ल्यूलॅन०’ आणि तारेला ‘ईटीएच०’ म्हणत. सुटसुटीत होतं. पण दोन कार्डं असली तर आज ० असलेलं उद्या १ व्हायचं. म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडी या लिनक्सच्या पायाभूत प्रोग्रॅमवाल्यांनी जागेवरून नाव द्यायची पद्धत आणली, आणि माझ्या वायफायचं नाव झालं ‘डब्ल्यूएलपी३एस०’: बिनतारी, तिसरी बस, शून्यावी खाच. नावात गाव, गल्ली, घर नंबर सगळं आलं. आता ते कधी बदलत नाही आणि मला कधी पाठ होत नाही.

यादीतल्या अवस्थांवर मात्र माझा जीव आहे. ‘कनेक्टेड’ हिरव्या रंगात येतं, त्याचं काही नाही. खरी मजा जोडणी नसण्याच्या तीन तऱ्हांत आहे. ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे साहेब जागेवर नाहीत: तार खोचलेली नाही, किंवा वायफायचा रेडिओच बंद आहे. ‘डिस्कनेक्टेड’ म्हणजे साहेब आहेत, पण त्यांच्या टेबलावर फाईल आलेली नाही. आणि ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे हे काम आमच्या खात्याकडे येतच नाही, पुढच्या खिडकीवर विचारा. ज्याने आयुष्यात एकदा तरी रहिवासी दाखला काढला आहे त्याला या तिघांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. पडद्यावरचा पंखा मात्र तिघांनाही एकच तोंड वेंगाडून दाखवतो.

साहेब जागेवर नसतील तर ‘आरएफकिल’ नावाची आज्ञा ते कुठे गेलेत ते सांगते. सॉफ्ट ब्लॉक असेल तर आज्ञेने सुटतो. हार्ड ब्लॉक असेल तर जगातली कोणतीही आज्ञा चालत नाही, कारण लॅपटॉपच्या कडेचं बारीक बटण पिशवीत ढकललं गेलेलं असतं. माझा भाचा संगणक अभियंता आहे. त्याने एकदा माझ्या लॅपटॉपवर अर्धी दुपार घालवून तीन पानभर आज्ञा दिल्या. सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “ते कडेचं लाल दिसतंय ते काय आहे रे?”

साहेब आहेत, फाईलही आहे आणि तरी पान उघडत नाही, तेव्हा पिंग. ही आज्ञा माइक म्यूस या अमेरिकी माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडी शोधायला सोनार यंत्र आवाज सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतं, त्या आवाजावरून नाव. काम तेवढंच: हाक मारायची आणि ‘ओ’ येते का ते बघायचं. मी जवळून लांब जाते. आधी १२७.०.०.१, म्हणजे स्वतःलाच हाक. १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त, फक्त स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. जगाला पत्ते पुरेनात, पण स्वगताला तोटा नाही. मग राउटरला हाक, बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१. तिथून ‘ओ’ आली तर घरातलं भांडण मिटलेलं आहे. मग ८.८.८.८, हा गूगलचा पत्ता, घराबाहेरचा. आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावाने हाक.

आकड्याला ‘ओ’ येते आणि नावाला येत नाही, असं झालं की मला विलक्षण आनंद होतो, कारण निदान पक्कं असतं. डीएनएस. तो मी एकदा सासूबाईंना सांगायला गेले.

“आई, नेट गेलेलं नाही. नावावरून पत्ता सांगणारा जो असतो ना, तो उत्तर देत नाहीये.”

“मग आपल्याला पत्ता पाठ असेल तर जाता येईल?”

प्रश्न बिनतोड होता. भाच्याने विचारला असता तर मी पाठ थोपटली असती. मी म्हटलं, “पूर्वी जाता यायचं. आता एकेका पत्त्यावर शेकडो संकेतस्थळं राहतात, त्यामुळे नाव सांगितल्याशिवाय दार उघडत नाही.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. “मालिका कधी लागेल तेवढं सांग.”

मी ‘कनेक्शन मॉडिफाय’ म्हणून डीएनएसचा दुसरा पत्ता भरला. इथे नवखे लोक फसतात, कारण काहीच होत नाही. कागदावर बदल झालेला असतो, अंमलबजावणी बाकी असते. ‘कनेक्शन अप’ म्हटलं की मग तो लागू होतो. तोवर नवऱ्याने राउटर बंद करून चालू केला होता आणि मालिका लागली होती. श्रेय कोणाला गेलं ते सांगायला नको.

त्याच्या इलाजाबद्दल न्यायाने बोलायला हवं. राउटर हाही एक छोटा संगणकच, स्मरणशक्ती बेताची. कोण कोणाशी बोलतंय याची वही त्याला ठेवावी लागते, ती भरत जाते, कधी गोंधळते. बंद केला की वही कोरी होते, कंपनीकडून पत्ता नव्याने मिळतो, घरातल्यांना तो नव्याने पत्ते वाटतो. म्हणजे यात जादू नाही, घाऊक साफसफाई आहे. माझा आक्षेप एवढाच की एकट्या लॅपटॉपला शिंक आली तरी सगळ्या घराला सलाइन लावतात. मुलाची मुलाखत चालू असते, शेजारच्या खोलीत कोणाचे पैसे जात असतात.

पण बंद करण्याच्या बाबतीत टर्मिनलवाल्यांनीही फार तोरा मिरवू नये. भाच्याच्या कंपनीतली गोष्ट. एक जण पुण्यात बसून दूरच्या शहरातल्या सर्व्हरवर काम करत होता. जोडणी एकदा ‘डाउन’ करून ‘अप’ करू म्हणाला. ‘डाउन’ झाली. ‘अप’ म्हणायला ज्या वाटेने जायचं ती वाट तीच होती. मग तिकडच्या पहारेकऱ्याला फोन लावून, तिसऱ्या रांगेतलं खालून दुसरं यंत्र, निळा दिवा, हो तेच, असं करत ते उठवलं. कसं उठवलं? बटण बंद करून, दहा आकडे मोजून, चालू करून. ही कथा मी नवऱ्याला सांगितलेली नाही. उबंटू ही लिनक्सची आवृत्ती काढणाऱ्यांना असे लोक ठाऊक असावेत. त्यांच्या नेटप्लॅन या जोडण्यांच्या प्रोग्रॅममध्ये ‘ट्राय’ आहे: बदल करून बघतं आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर मुकाट्याने पूर्वीचं लावतं. माणूस दाराबाहेर राहिला असेल हे गृहीत धरणारं सॉफ्टवेअर मला सुसंस्कृत वाटतं.

एखाद्या रिकाम्या दुपारी ‘एनएमसीएलआय कनेक्शन’ एवढंच टाइप करावं. आजवर ज्या ज्या वायफायवर तुम्ही बसलात त्या सगळ्यांच्या फाइली ओळीने येतात. माझ्या यादीत गुहागरचा एक लॉज आहे, चुलतभावाच्या लग्नाचं मंगल कार्यालय आहे, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळचं हॉस्पिटल आहे, एका मैत्रिणीचं घर आहे जिच्याशी आता बोलणं नाही. पासवर्डही सगळे जपून ठेवलेले, साध्या अक्षरांत, फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याला, वाचता येतील अशा फाइलींत. त्यावरून महाराष्ट्राच्या आतिथ्याचा अभ्यास करता येईल. लॉज, कार्यालय आणि हॉस्पिटल, तिन्हीकडे १२३४५६७८. आठपर्यंतच का? डब्ल्यूपीए२ या वायफायच्या कुलपाला किमान आठ अक्षरं लागतात, नाहीतर हे लोक चारावरच थांबले असते. ‘डिलीट’ म्हटलं की फाईल जाते. खात्री आहे का, असं विचारत नाही, कचऱ्याची टोपलीही नाही. मी हॉस्पिटल काढलं. मैत्रीण ठेवली. समोरासमोर आलोच तर लॅपटॉप तरी बोलेल.

आमच्या वायफायचं नाव मात्र गेल्या गणपतीपर्यंत कंपनीने दिलेलंच होतं, आकड्यांची माळ. नवऱ्याने ठरवलं, नाव ‘गणपती बाप्पा मोरया’ ठेवायचं, आणि देवनागरीतच. भावना चांगली होती. पण वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा. रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं. देवनागरीला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण यांचे प्रत्येकी तीन वेगळे. एकूण भरले ५० बाइट. नवरा म्हणाला, “मोरया राहू दे.” मोजलं. ‘गणपती बाप्प’पर्यंत ३१ होतात, उरलेल्या एका बाइटमध्ये काना मावत नाही.

“एका कान्यासाठी?” तो म्हणाला. “राउटर बंद करून बघू का?”

शेवटी ‘मोरया’ ठरलं, १५ बाइट, ऐसपैस. पासवर्ड लांबलचक ठेवला, म्हणून पाहुण्यांना सांगताना जीभ वळेना. त्यावर एनएमसीएलआयकडे तोडगा होता: ‘डिव्हाइस वायफाय शो-पासवर्ड’ म्हटलं की टर्मिनलमध्येच चौकोनी क्यूआर उमटतो. मी तो छापला, खाली ठसठशीत ‘मोरया’ लिहिलं आणि आरासीशेजारी चिकटवला.

दुसऱ्या दिवशी दर्शनाला आलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नमस्कार केला, पर्समधून मोबाइल काढला, कागदावर धरला आणि १०१ रुपये टाकायची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांचा फोन किणकिणला, वायफाय जोडलं गेलं.

“पैसे गेले का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही काकू, नेट आलं.”

काकूंनी फोनकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं, आणि प्रसादाला हात पुढे केला.