मिहानभाऊ

नागपूरच्या मनीषनगरात ज्याच्याकडे प्लॉट नाही तो भाड्याने राहतो. ज्याच्याकडे प्लॉट आहे, तोही पुष्कळदा भाड्यानेच राहतो. पण तो स्वतःला भाडेकरू समजत नाही.

अशांपैकी एकाला आम्ही, शहराबाहेरच्या मिहान प्रकल्पावरून, मिहानभाऊ म्हणतो. बेसा-बेलतरोडीच्या पुढे त्यांचा पंधराशे चौरस फुटांचा प्लॉट आहे. सातबाऱ्यावर तिथे शेती आहे आणि शेतात तूर. लेआउटच्या नकाशात मात्र बगीचा, मंदिराची जागा अन् चाळीस फुटी रस्ता आहे. भाऊ नकाशात राहतात. गुंठेवारीचा कायदा 2001 साली झाला, तेव्हापासून त्यांचं ‘आरएल’, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, येऊन राहिलं आहे. ‘‘झालं समजा,’’ ते सांगतात, अन् स्वतः समजतातही.

त्यांना खुळं ठरवणं सोपं आहे. पंचाईत अशी, की त्यांची भाकितं खरी ठरतात. वर्धा रोडवर मेट्रो धावणार असं ते म्हणायचे, तेव्हा मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर खोळंबलेली मंडळी हसायची. 2019 च्या मार्चमध्ये मेट्रो धावली. फाटकावर पूल होणार म्हणाले; 2020 मध्ये तोही झाला. वर्धा रोडवर डबलडेकर पूल उभा राहिला आणि त्याच्या 3.14 किलोमीटर लांबीची गिनीज बुकात नोंद झाली. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा अन् मिहानमधलं एम्स यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, त्या संध्याकाळी भाऊंनी गल्लीत पेढे वाटले. पेढा घेणाऱ्या प्रत्येकाला चौरस फुटाचा नवा भाव ऐकावा लागला.

म्हणजे शहर वाढलं, हे काही खोटं नाही. भाऊंच्या तुरीला वळसा घालून ते पुढे निघून गेलं, एवढंच. मला वाटतं, निव्वळ थापेवर कोणी इतकी वर्षं जगू शकत नाही. स्वतःला फसवायलाही खऱ्या बातम्यांचा खुराक लागतो, आणि नागपूरने तो भाऊंना कधी कमी पडू दिला नाही.

21 डिसेंबर 1954 ला महापूर येणार, असं मानणारा एक गट अमेरिकेत होता. लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ अन् त्यांचे सहकारी त्या गटात मिसळून राहिले. पूर आला नाही. पण त्यानंतर ही मंडळी खजील व्हायचं सोडून उलट जोमाने प्रचाराला लागली, असं फेस्टिंगर अन् सहकाऱ्यांनी पुस्तकात लिहिलं. ते पुस्तक 1956 चं, म्हणजे नागपूरची राजधानी गेली त्याच वर्षीचं. राजधानी परत येईल म्हणून थांबलेली माणसं इथे तेव्हापासून आहेत. फेस्टिंगरसाहेबांना नागपुरात मुक्काम हलवावा लागला असता.

दुसऱ्याचा भ्रम भाऊंना लगेच दिसतो. समोरचे साहेब पहाटे फिरायला जातात अन् परतताना तर्री-पोहे खाऊन येतात. ‘‘पाहा, कसा माणूस स्वतःलेच बनवून राहिला!’’ भाऊ हळहळतात. वेगळ्या विदर्भाची वाट पाहणाऱ्या मेहुण्याची तर त्यांना कीवच येते.

काकूंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, एकदा विषय काढला होता. ‘‘प्लॉट विका अन् माझे गुडघे बदलून द्या.’’

‘‘अवो, सोन्यासारखी वस्तू आता विकतात का? दोन वर्ष थांबा फक्त.’’

‘‘तुमचा बंगला होईल तवा जिना चढाले मी राहाले पाहिजे नं!’’

त्या रात्री भाऊंनी नकाशा काढला आणि बंगल्यात पेन्सिलीने लिफ्ट टाकली.

गिऱ्हाईक एकदा खरंच आलं होतं. दिलेला भाव वाईट नव्हता. भाऊंनी तिप्पट सांगितला, अन् ते गेल्यावर चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरलेलो नाही. प्लॉट विकला असता तर पैसे आले असते आणि पैसे मोजता येतात.

तुम्हाला तो प्लॉट पाहायचा असेल तर रविवारी सकाळी भाऊ स्वतः घेऊन जातात. गाडी तुमची लागेल. पेट्रोलही. आणि पावसाळ्यात जाऊ नका. चाळीस फुटी रस्त्यावर गुडघाभर चिखल असतो.