चित्रांकडे पाठ

चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन ही चित्रांकडे पाठ करून उभं राहण्याची कला आहे. पणजीत मी ती बऱ्यापैकी आत्मसात केली आहे. प्रमुख पाहुणे येईपर्यंत समई ताटकळते, मग भाषणं, मग फोटो, मग सामोसा. तो हातात आला की कॅनव्हासपासून लांब राहावं लागतं, नाहीतर तेलरंगात खरंच तेल मिसळायचं. अभिप्रायाच्या वहीत मात्र सगळेच 'अप्रतिम' लिहितात.

2016 पासून डिसेंबरात पणजीत 'सेरेंडिपिटी' कलामहोत्सव भरतो. तिथे आमच्या पेडणे-डिचोलीची मंडळी गाड्या भरभरून कला बघायला जातात. जाताना मोरजीच्या मोरजाईच्या देवळाकडे कुणी मान वळवत नाही. तिथे भिंतींवर कावी आहे: चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर, तो ओला असतानाच खरवडायचा, की खालचा पांढरा चुना चित्र होऊन वर येतो. खाली चित्रकाराचं नाव नाही, किमतीची चिठ्ठी नाही. मग ती कला कशी असेल?

डिचोलीत चवथीला घराघरांत गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगतात. नारळ, सुपारी, तवशी, रानातून हुडकून आणलेली फळं. हेच कुणी पांढऱ्या भिंतीच्या दालनात लटकवलं, तर त्याला 'इन्स्टॉलेशन' म्हणतात आणि हात लावू देत नाहीत. कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं, तेवढाच काय तो सरकारी शिक्का.

चवथ संपली की माटोळी उतरते. बघायची असेल तर त्याआधी या. फीत कापावी लागत नाही, आणि सामोशाऐवजी नेवऱ्या मिळतात.